सरकारनं स्वतःलाच लावलेलं तिकीट

ब्रिटिश वसाहतींच्या तिकिटांचा कुठलाही कॅटलॉग उघडला तर बहुतेक वसाहतींची सुरुवात राणीच्या किंवा राजाच्या चेहऱ्यानं होते. मग वर्षांमागून वर्षं, रंगांमागून रंग. आणि सगळं संपल्यावर, शेवटी, क्रमांकाआधी ‘ओ’ हे अक्षर लावलेली एक पुरवणी येते : ‘ऑफिशियल’ तिकिटं. चित्र तेच, किंमत तीच, फक्त वरून काळ्या शाईत एखादा शब्द छापलेला. बरेच संग्राहक ही पानं भरभर उलटतात. मीही बरीच वर्षं तेच करत होतो. ओव्हरप्रिंट म्हणजे चांगल्या चित्रावर मारलेली काट, असंच वाटायचं.

कॅटलॉग या काळ्या अक्षरांबद्दल पुष्कळ सांगतो. अक्षर किती मिलिमीटर उंच, टिंब कुठे गळलंय, कुठल्या पानावर शब्द उलटा छापला गेला, त्यामुळे किंमत किती पटींनी वाढली. सांगत नाही ते एवढंच, की हा शब्द तिथे आलाच का. टपाल सरकारचं, तिकीट सरकारनं छापलेलं, पत्रही सरकारचं. मग सरकारनं आपल्या एका खिशातून पैसे काढून दुसऱ्या खिशात का घालावेत? वरवर बघता हा हिशेबनीसांचा प्रश्न आहे. पण माझ्या मते वसाहतीच्या राज्याबद्दल जे प्रश्न विचारायला हवेत, त्यांतला हा एक फार चांगला प्रश्न आहे. त्याची उत्तरं त्या राज्यानं स्वतःच, आपल्याच तिकिटांवर, एकेका शब्दात छापून ठेवली आहेत. ती वाङ्मय म्हणून वाचायला हरकत नसावी.

आधी विलायतेचं थोडक्यात सांगून टाकतो. तिथे पार्लमेंटच्या सभासदांना टपाल फुकट होतं. पाकिटावर सही केली की झालं. ही सही मित्रांना, नातेवाइकांना, मतदारांना वाटली जायची. म्हणून नियम कडक होत गेले : पत्ता सभासदानं स्वतःच्या हातानं लिहावा, तारीख आणि ठिकाण घालावं, आणि 1795 पासून दिवसाला दहा पत्रं पाठवावीत, पंधरा घ्यावीत, त्याहून जास्त नाही. 10 जानेवारी 1840 रोजी एका पेनीचं एकसमान टपाल सुरू झालं, त्याच वेळी ही सवलत बंद झाली. राणी व्हिक्टोरियानं स्वतःची सवलतही सोडून दिली. ही गोष्ट तिथल्या इतिहासात मोठ्या कौतुकानं सांगितली जाते, आणि तिच्यात तथ्य आहे. फुकट टपालाचा बोजा शेवटी पैसे भरणाऱ्याच्या पत्रावर पडतो, हे तिथल्या सुधारकांनी लोकांना पटवून दिलं.

हीच गोष्ट हिंदुस्थानात जशीच्या तशी लावता येत नाही. इथली नेहमीची मांडणी मला खटकते ती याच जागी.

विलायतेत टपाल लोकांसाठी खुलं होऊन तेव्हा दोन शतकं उलटली होती. इथे उलटं होतं. कंपनीचा डाक हा मुळात कंपनीचाच निरोप पोचवण्यासाठी होता. 1766 साली क्लाइव्हनं बंगालमध्ये त्याची घडी बसवली, तेव्हा वाटेवरच्या जमीनदारांनी हरकारे पुरवायचे आणि त्या बदल्यात त्यांच्या साऱ्यात तेवढी सूट, अशी व्यवस्था होती. म्हणजे सरकारी पत्राचं टपालहंशील सरकार देतच होतं, पण जमीनमहसुलातून आणि न दिसेल असं. 1774 साली वॉरन हेस्टिंग्जनं हा डाक खासगी पत्रांना खुला केला, शंभर मैलांना दोन आणे या दरानं. तांब्याचे खास बिल्ले त्यासाठी पाडले. आता गंमत पाहा. हरकारा धावतो आहे सरकारसाठी, थैली आहे सरकारची, आणि तिच्यात कोपऱ्याला जागा उरली म्हणून रयतेच्या आणि व्यापाऱ्याच्या पत्राला पैसे घेऊन बसवलं आहे. अशा ठिकाणी ‘सरकारी पत्राला सवलत’ हा शब्दप्रयोगच फसवा ठरतो. सवलत, झालीच असेल तर, खासगी पत्राला होती. आणि ती महाग होती.

आपल्याकडे पेशवाईतही राज्याचे जासूद होते, जोडीजोडीनं धावायचे. त्यांचा पगार दौलतीच्या खर्चात पडायचा, पण लखोट्यावर ‘हंशील किती’ असा प्रश्न कुणी विचारला नसता. सावकारांची पत्रं त्यांच्या त्यांच्या कासदांबरोबर जायची. दोन वाटा वेगळ्या होत्या. कंपनीनं केलं ते हे, की आपल्या वाटेवर दुसऱ्याला पैसे घेऊन येऊ दिलं, आणि 1837 च्या कायद्यानं पत्रं वाहून नेण्याचा हक्क फक्त आपला ठेवला. त्या व्यवस्थेत मुंबई-कलकत्ता एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया पडत असे. कलकत्त्याहून आग्ऱ्याला बारा आणे. आणि त्याच थैलीत साहेबाच्या सहीचं पाकीट, वजन कितीही असो, सहीवर जाई.

1854 च्या कायद्यानं हे चित्र बदललं. अंतराचा हिशेब गेला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते ठाण्याला जावो की पेशावरला. फ्रँकिंगची, म्हणजे सहीवर पत्र पाठवण्याची, जुनी सवलत रद्द झाली. आणि तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला, ज्याला आपण पुढे ‘नॉटपेड’ म्हणू लागलो, घेणाऱ्याकडून दुप्पट दर वसूल करण्याची पद्धत आली. डलहौसीच्या कारकिर्दीतल्या चांगल्या कामांत याची गणना होते, आणि ती व्हावीही. अर्ध्या आण्यानं काय केलं हे सांगायला मुंबईच्या गिरणीतून कोकणात जाणारी पत्रं पुरेशी आहेत.

पण सरकारी पत्रांचं काय? ती काही कमी झाली नाहीत. उलट रेल्वे, कालवे, बंडानंतरचा नवा कारभार, यांनी कागद वाढलाच. सहीची जागा खातेनिहाय हिशेबानं घेतली : इतकं टपाल गेलं, इतके पैसे तुमच्या नावे मांडले. ज्यानं कधी कचेरीतलं आवक-जावक रजिस्टर पाहिलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. जावक नोंदीतला आकडा एक, टपाल कचेरीतला आकडा दुसरा, आणि दोघांच्या मधे भांडणाचा पत्रव्यवहार, तोही अर्थात सरकारीच. शिवाय टपाल खात्याचा नफा-तोटा या आकड्यावर अवलंबून. सरकारी पत्रांचं हंशील जमेत धरलं तर खातं स्वतःच्या पायावर उभं दिसतं, सोडून दिलं तर तेच खातं तिजोरीवरचा भार ठरतं. दर कमी करायचे की नाही, गावात कचेरी उघडायची की नाही, हे शेवटी अशाच एखाद्या रकान्यावर ठरतं.

तेव्हा 1 ऑगस्ट 1866 रोजी तिकीट आलं. नेहमीचंच, राणीच्या मुखवट्याचं, आणि वर बारीक अक्षरांत छापलेलं : ‘Service’. त्या शब्दापुढे पूर्णविराम आहे. कॅटलॉगवाले या पूर्णविरामाची नोंद घेतात, पण वेगळ्या कारणासाठी. मला तो एखाद्या छोट्या वाक्याचा शेवट वाटतो. घाईही दिसते : काही किमतींची तिकिटं पुरेनात, तेव्हा हुंडीच्या महसुली स्टॅम्पांचा वरचा-खालचा भाग कापून टाकला, उरलेल्यावर ‘सर्व्हिस पोस्टेज’ छापलं आणि ते पाकिटावर चिकटवलं. सावकाराच्या हुंडीवर लागायचा तो कागद साहेबाच्या लखोट्यावर आला.

‘सर्व्हिस’ या शब्दानं दोन कामं केली. पहिलं उघड आहे : कारकुनानं कचेरीचं तिकीट घरच्या पत्राला लावू नये. वरचा शब्द ही एक प्रकारची खूण, जनावराला डाग द्यावा तशी. सरकारला आपल्या नोकरावर भरवसा नाही, हे यात सरळ कबूल केलेलं आहे. आधी सही चालायची, कारण सही करणारा साहेब होता आणि साहेबाच्या शब्दावर विश्वास गृहीत होता. तिकीट लावणारा कारकून आहे. ‘सर्व्हिस’ हा शब्द त्याच्यासाठी आहे. दुसरं काम जास्त खोलवरचं. आता प्रत्येक खात्याला ही तिकिटं आपल्या सादिलवार खर्चातून विकत घ्यावी लागली. म्हणजे राज्य आपल्या एका अंगासाठी गिऱ्हाईक झालं. रयतेच्या पत्राप्रमाणेच त्याचंही पत्र तोळ्यात मोजलं जाऊ लागलं. एवढ्यापुरतं, फक्त एवढ्यापुरतं, कलेक्टरचा लखोटा आणि गिरणी कामगाराचं पत्र एका पातळीवर आले.

एवढ्यापुरतंच, कारण त्याच कलेक्टरकडे अर्ज करणाऱ्याला आधी अर्जावर कोर्ट-फी स्टॅम्प लावावा लागायचा. 1870 च्या कायद्यानं ते पक्कं केलं. अर्ज टपालानं गेला तर पाकिटावर आणखी एक तिकीट. त्याचं उत्तर ‘सर्व्हिस’ तिकीट लावून यायचं, ज्याचे पैसे सादिलवारमधून, म्हणजे साऱ्यातून, म्हणजे पुन्हा त्याच अर्जदाराकडून. खिसे दोन दिसतात, पण सदरा त्याचाच होता. आणि बंगालात तर जमीनदारी डाक 1862 च्या कायद्यानं वेगळाच चालू राहिला : ठाण्यांना जोडणारी, मुख्यतः पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांची पत्रं नेणारी, जमीनदारांच्या पैशांवर चालणारी वाट. एकीकडे तिकिटाचा चोख हिशेब, दुसरीकडे क्लाइव्हच्याच वळणाची जुनी व्यवस्था. सुधारणा एकाच रेषेत पुढे गेली असं ज्यांना सांगायचं असतं त्यांना हे अडचणीचं होतं, म्हणून ते तळटीपेत जातं.

इथे पुस्तकांबद्दल बोलायला हवं. जेफ्री क्लार्क यांचं 1921 सालचं ‘द पोस्ट ऑफिस ऑफ इंडिया अँड इट्स स्टोरी’ आजही या विषयाचा पाया आहे. क्लार्क स्वतः या खात्यातले मोठे अधिकारी. त्यांच्या पुस्तकात माहिती भरपूर आहे, आणि खात्याबद्दलचा अभिमान प्रत्येक प्रकरणात आहे. मुल्कराज आनंद यांनी 1954 साली, पहिल्या अखिल भारतीय तिकिटांच्या शताब्दीच्या वर्षी, जे पुस्तक लिहिलं त्याच्याही नावात ‘स्टोरी’ आहेच. दोघांच्या राजकारणात जमीन-अस्मानाचा फरक. तरी टपालाला ‘स्टोरी’ हवी, म्हणजे नायक हवा, चढण हवी, हे दोघांनाही वाटलं असावं. हरकाऱ्याला नायक करणं सोपं आहे. हिशेबाच्या रकान्याला नायक कसं करणार? म्हणून सरकारी टपालाचा प्रश्न या गोष्टींत पाहुण्यासारखा येतो. मला तो घरमालक वाटतो.

हे फक्त हिंदुस्थानचं वैशिष्ट्य नव्हतं, हे दाखवायला त्याच वर्षांतलं दुसरं उदाहरण घेतो. हिंदुस्थान सरकारनं सगळ्या खात्यांसाठी एक शब्द शोधला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1868 मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीनं नेमकं उलट केलं : प्रत्येक खात्याला स्वतंत्र अक्षरं. तिकीट नेहमीचंच, वर लाल, निळ्या किंवा काळ्या शाईत खात्याची आद्याक्षरं. पन्नासावर खाती निघाली. ती यादी मी आधी गंमत म्हणून वाचली, मग पुन्हा पुन्हा वाचली. जेमतेम तीस-बत्तीस वर्षांपूर्वी वसलेली वसाहत, आणि तिचा सगळा संसार या अक्षरांत. ‘पी’ म्हणजे पोलीस. ‘सी. एल.’ म्हणजे सरकारी जमिनी. ‘जी. एफ.’ म्हणजे सोन्याच्या खाणी. ‘आय. एस.’ म्हणजे मेंढ्यांचा तपासनीस, कारण वसाहत लोकरीवर जगत होती. ‘एल. ए.’ वेड्यांचं इस्पितळ, ‘डी. बी.’ निराधारांचं मंडळ, ‘बी. जी.’ वनस्पती उद्यान, ‘एल. एल.’ विधिमंडळाचा ग्रंथपाल. गुलवा या गावच्या ट्रामवेलासुद्धा ‘जी. टी.’ ही स्वतःची अक्षरं होती. ‘पी. ओ.’ म्हणजे खुद्द पोस्ट ऑफिस. टपाल खातं स्वतःच्या पत्राला स्वतःचं तिकीट लावून स्वतःकडून पैसे घेत होतं. यापुढे विनोदी लेखकाला काही काम उरत नाही.

आणि या यादीत ‘पी. ए.’ आहे : मूळनिवासींचा रक्षक, असं त्या अधिकाऱ्याचं पद. ज्यांची जमीन ‘सी. एल.’ या अक्षरांखाली मोजून वाटली जात होती, त्यांच्या रक्षणासाठी नेमलेल्या माणसाची पत्रं त्याच राणीच्या चेहऱ्याच्या, त्याच किमतीच्या तिकिटावर जात होती. दोन अक्षरं इकडची तिकडे. या ओळीजवळ मी थांबतो आणि कॅटलॉग थांबत नाही, एवढाच आमच्यातला फरक. तो ‘दुर्मीळ’ असं लिहून पुढे जातो.

हा प्रयोग सहा वर्षं टिकला. पन्नास खात्यांची तिकिटं वेगळी छापायची, वेगळी ठेवायची, वेगळी मोजायची, हे कुणालाही झेपणारं नव्हतं. 1874 मध्ये सगळ्यांना मिळून ‘ओ. एस.’ ही दोन अक्षरं आली. पारदर्शक व्हायला गेलं की कामाचा बोजा वाढतो आणि बोजा कमी करायला गेलं की सगळं पुन्हा एका झाकणाखाली जातं. ऑस्ट्रेलियातल्याच इतर वसाहतींनी वेगळ्या युक्त्या केल्या होत्या. पश्चिम ऑस्ट्रेलियानं तर सरकारी तिकिटाला सरळ गोल भोक पाडलं. शब्दच नाही. मला ते सर्वांत प्रामाणिक वाटतं. न्यूझीलंडमध्ये देशांतर्गत सरकारी पत्रं 1907 पर्यंत फुकटच जात राहिली, पण सरकारी आयुर्विमा खात्याला मात्र 1891 मध्ये दीपस्तंभाचं चित्र असलेली स्वतःची तिकिटं काढावी लागली. धंदा करणाऱ्या खात्यानं फुकट टपाल वापरायचं का, हा वाद तिथे तेव्हाच येऊन ठेपला होता.

1874 च्या सुमारास हिंदुस्थानातही शब्द बदलला. ‘सर्व्हिस’च्या जागी ‘ऑन एच. एम. एस.’ : राणीच्या सेवेत. सेवा कुणाची, हा पहिल्या तिकिटानं मोघम ठेवलेला प्रश्न इथे सुटला. तीन वर्षांनी त्याच राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. हा ठसा सातव्या एडवर्डपर्यंत चालला. पाचव्या जॉर्जच्या काळात पुन्हा ‘सर्व्हिस’ आला, या वेळी मोठ्या अक्षरांत. दरम्यान खुद्द विलायतेनं 1904 साली आपल्याकडची सरकारी तिकिटं बंद करून टाकली. खात्यातून ती बाहेर झिरपत होती, संग्राहकांना विकली जात होती. त्यांनी ती गैरसोय संपवली. आपल्याकडे मात्र ती राहिली. शिकवणाऱ्यानं धडा सोडून दिला आणि विद्यार्थी गिरवत बसला.

संस्थानांच्या तिकिटांकडे मी या वाचनात सर्वांत शेवटी आलो, आणि तिथे सगळ्यात जास्त रमलो. शब्द निवडायचा थोडा तरी अधिकार त्यांच्याकडे होता. हैदराबादनं ‘सरकारी’ हा शब्द उर्दू लिपीत छापला. साधा, घरचा, कुणालाही समजेल असा. त्रावणकोरनं ‘ऑन एस. एस.’ लिहिलं, त्यातला पहिला ‘एस’ म्हणजे ‘सरकार’. इंग्रजी आद्याक्षरांच्या पोटात देशी शब्द लपवलेला. कोचीननं ‘सी. जी.’ घालून कोचीन सरकारचं नाव पुढे केलं. होळकरांनी इंदूरच्या स्वतःच्या तिकिटांवर इंग्रजीत ‘सर्व्हिस’ छापलं.

आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर. ते ब्रिटिश हिंदुस्थानशी करार करून त्यांचीच तिकिटं वापरणाऱ्या संस्थानांपैकी होतं. 1895 पासून त्यांची सरकारी तिकिटं निघाली : राणी ब्रिटिशांची, आणि वर देवनागरीत ‘गवालियर सरविस’. मला या दोन शब्दांवर एक अख्खा निबंध लिहावासा वाटतो. लिपी आपली आहे, गावाचं नाव आपलं आहे, मग शब्द ‘सरकारी’ का नाही? ‘सरकार’ म्हणजे तर खुद्द शिंदेसरकार, घरातलं संबोधन. बहुधा म्हणूनच नसेल. ती जागा चित्रातल्या बाईंची होती. मग ‘सेवा’ का नाही? तो शब्द देवळातला. ‘चाकरी’ म्हणावी तर त्यात पगार दिसतो आणि मालकही दिसतो. ‘सरविस’मध्ये यांपैकी काहीच नव्हतं. तो कोराच होता, त्यात काहीही भरता आलं असतं. पुढे मराठीनं त्यात काय भरलं ते आपण जाणतोच : ‘मुलगा सर्व्हिसला आहे’ यात सेवा कुणाचीही नाही, महिन्याच्या पहिल्या तारखेची खात्री आहे.

1950 मध्ये प्रजासत्ताकानं सरकारी कामासाठी आपली पहिली तिकिटं काढली. चेहरा गेला होता, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह होते. खाली ‘SERVICE’ हा शब्द होता, रोमन लिपीत, आता ओव्हरप्रिंट नाही तर चित्राचाच भाग. पूर्णविराम मात्र नव्हता.